चौदाऐवजी

डेअरीच्या सचिवाने झाकणसुद्धा उघडलं नाही. कॅनवरचा चौदाचा आकडा बघितला, हातातलं माप टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "वहिनी, बाजूला घ्या."

"का? नासलंय का?" तिने विचारलं. सकाळीच काढलेलं दूध होतं. कॅनला हात लावला तर अजून कोमट लागत होता.

"नासलं असतं तर परवडलं असतं. पेपर वाचला नाही वाटतं?"

त्याने मानेनेच भिंत दाखवली. फॅट काढायच्या मशीनच्या वर, एरवी जिथे जनावरांच्या लशीच्या तारखा लावतात, तिथे पेपरचं कात्रण डकवलेलं होतं. खळ अजून ओली होती, कागदाच्या कडेने तिचे ओघळ आले होते. 'दुधात पावडर' असा जाड मथळा. खाली बारीक अक्षरांत असं होतं की गेल्या महिन्यात शहरातून आलेल्या पथकाने कॅनमधून दुधाचे जे नमुने नेले, त्यांतल्या एकात भेसळ सापडली असून तो कॅन क्रमांक चौदा असल्याचे समजते. नाव कुठे नव्हतं, आणि नावाची गरजही नव्हती. त्या डेअरीत माणसाला नावाने हाक मारायची रीतच नाही. तिचा नवरा चौदाचा, ती चौदाची, सासू चौदाची म्हातारी, आणि लग्न होऊन गेलेली मुलगी चार दिवस माहेरी आली तरी चौदाची पोरगी. आकडा छापला म्हणजे अख्खं घर छापलं.

"मी कशाला पावडर घालू?" ती म्हणाली. "ती कुठे मिळते तेसुद्धा मला ठाऊक नाही."

"ते मला सांगून काय उपयोग? मी छापलंय का?"

रांगेत कुणीतरी हसलं. तिच्या मागे बासष्टचा उभा होता, डेअरीच्या चेअरमनचा सख्खा मेहुणा. मोटरसायकलला दोन्ही बाजूंनी कॅन लटकवून यायचा. तो म्हणाला, "काकू, सरका जरा. लोकांचं दूध तापतंय." ती सरकली. सरकली याचा तिला पुढे कितीतरी दिवस संताप येत राहिला, पण त्या वेळी पाय आपोआप सरकले. बासष्टच्या दुधाची धार टाकीत पडली, सचिवाने आकडा मांडला आणि रांग पुढे गेली.

भरला कॅन सायकलला अडकवून ती परत निघाली. रोज या रस्त्याने कॅन रिकामा वाजत यायचा. आज सायकल एका अंगाला झुकत होती आणि ती दोन्ही हातांनी तिला सावरत चालत होती. वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाची नजर आधी कॅनकडे जात होती, मग तिच्या तोंडाकडे. कुणी काही विचारलं नाही. त्यापेक्षा विचारलं असतं तर बरं, असं तिला वाटलं.

घरी सासूने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "अगं, आपल्याला पाण्याचा हंडा दूध काढायच्या जागेपासून दहा हात लांब ठेवायची सवय. माझ्या सासूने लावलेली. आणि म्हणे पावडर! पावडर मी तोंडाला कधी लावली नाही, दुधाला लावीन?"

नवरा गोठ्याच्या दारात उभा होता. बोलायला तो मुळातच काटकसरी. म्हणाला, "चूक झाली असेल त्यांची."

"मग दुरुस्त करा की," सासू म्हणाली.

"मी?"

"नाही तर काय गाईने करायची?"

दूध न काढून चालत नाही. माणसाचं भांडण गाईला कळत नाही, वेळ झाली की कास तटते आणि ती हंबरायला लागते. उन्हाळा कडक होता, ओढा कधीच आटला होता, नवरा तीन कोस लांबून काटेरी वाळकं गवत कापून आणत होता. तीन गाई मिळून जेमतेम एक कॅन भरत होता आणि तोही सहज नाही, अंगठे दुखेपर्यंत ओढावं लागायचं. तिच्या उजव्या अंगठ्याचा सांधा सुजून सुपारीएवढा झाला होता. आता असं काढलेलं दूध ओतायचं कुठे, हा प्रश्न.

पहिल्या दिवशी दही लावलं. घरातली सगळी भांडी भरली. दुसऱ्या दिवशी शेजारपाजारी द्यायला गेली, तर एकीने दार अर्धंच उघडून सांगितलं, "आमच्याकडे आहे हो." तिसऱ्या दिवशी वासराला जास्तीचं पाजलं आणि त्याला हगवण लागली. चौथ्या दिवसापासून गोठ्यामागच्या खड्ड्यात. खड्ड्यातलं दूध उन्हात फाटायचं, पिवळं पाणी वेगळं, पांढऱ्या गुठळ्या वेगळ्या, आणि त्यावर माशांचा असा थर की खड्डा हलतोय असं वाटावं. तो आंबूस, कुजका वास घरात शिरला, अंथरुणात शिरला, तिच्या केसांत बसला. ती जेवायला बसली की घास तोंडाशी नेईपर्यंत तोच वास. आपल्याच हातांनी काढलेल्या दुधाची आपल्याला किळस यावी, यासारखी नामुष्की नाही, असं तिला वाटे, आणि दोन्ही वेळा ती तरीही काढत राही.

एक माणूस तेवढा होता. शेजारचा म्हातारा, एकतीस नंबरचा. एकटा जीव, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, दावणीला एकच गाय आणि तीही गाभण. तीन महिने झाले आटून, तेव्हापासून तो डेअरीकडे फिरकला नव्हता. हे सगळं कानावर गेल्यापासून तो रोज सकाळी आपला पितळी पेला घेऊन यायचा आणि म्हणायचा, "पोरी, घाल." पेला भरला की तो घरात नाही, ओसरीवर नाही, थेट रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहायचा. डेअरीला जाणाऱ्या लोकांच्या वाटेत. आणि घटाघटा दूध पिऊन, मिशी पुसून, मोठ्याने ढेकर द्यायचा.

"काका, इथे सावलीत बसून प्या की," ती म्हणायची.

"सावलीत प्यायलो तर लोकांना कसं दिसणार? मला दिसत नाही, त्यांना तरी दिसू दे."

पाचव्या दिवशी दुपारी, डेअरीत कुणी नसताना, ती सचिवाकडे गेली. सचिव वाईट माणूस नव्हता, नुसता भित्रा होता. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि खिळ्याला टांगलेल्या कागदांतून पथकाची यादी काढून टेबलावर टाकली. "मी काही दाखवलेलं नाही," म्हणाला आणि मशीन पुसायला लागला.

ती सातवीपर्यंत शिकलेली. बोट ठेवून वाचत गेली. पहिल्या रकान्यात ओळीचा नंबर, एक, दोन, तीन. दुसऱ्यात कॅनचा नंबर. तिसऱ्यात शेरा. चौदाव्या ओळीपाशी तिचं बोट थांबलं. तिथे लिहिलं होतं, कॅन बासष्ट, पावडर आढळली. मग तिने दुसऱ्या रकान्यात चौदा शोधला. तो पाचव्या ओळीत होता. त्याच्यापुढे लिहिलं होतं, ठीक.

"हे बघा," ती म्हणाली. "पेपरवाल्याने पहिलाच रकाना वाचलाय."

"दिसतंय खरं तसं," सचिव मशीनकडे बघत म्हणाला.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"मला माहीत असून काय करू, वहिनी? शहरातली टँकरची माणसं हाच पेपर वाचतात. चौदाचं दूध टाकीत दिसलं तर अख्खा टँकर परत पाठवतील. चेअरमनचा निरोप आहे, पेपरने छापलंय, पेपरनेच पुसायचं. छापील दुरुस्ती आणा, मी त्याच दिवशी दूध घेतो."

ती बातमी पाठवणाऱ्या वार्ताहराचं गावातच पशुखाद्याचं दुकान होतं. पेंड आणि भुसा विकायचा आणि मधल्या वेळात बातम्या पाठवायचा. दुकानात पेंडीचा उग्र तेलकट वास होता आणि उंदीर पोत्यांवरून खुशाल फिरत होते. वार्ताहर खुर्चीवर पाय घेऊन बसला होता. पेपरच्या कोपऱ्याचा कागद फाडून त्याची सुरळी करून दात कोरायचे, ही त्याची सवय. तिचं बोलणं ऐकता ऐकता त्याने एक दाढ साफ केली, सुरळी निरखून बघितली आणि टाकून दिली.

"अरेच्चा," तो म्हणाला. "पहिला रकाना घेतला की मी." आणि हसला. "गडबडीत होतो हो. बातमी टँकरबरोबर शहरात जाते, तो सुटायच्या आत द्यायची असते. होतं असं."

त्याने नाकारलं असतं तर तिने भांडण काढलं असतं. भांडायची पूर्ण तयारी करून आली होती, वाटेत चार वाक्यं पाठ केली होती. पण हा मान्यच करून मोकळा!

"मग छापा ना तसं," ती म्हणाली. "चौदा नाही, बासष्ट."

त्याचं हसू जरा आवरलं गेलं. "बासष्ट कुणाचा आहे, माहीत आहे ना?"

"आहे."

"चेअरमनची सगळी पेंड माझ्याकडून जाते," तो म्हणाला. मग आवाज मऊ करून, "ताई, मी काय सांगतो, लोक विसरतात. महिनाभर गप्प बसा. रोज नवीन बातमी येते, जुन्याची रद्दी होते."

"महिनाभर मी दूध कुठे ओतू? तुमच्या दुकानात?"

"आता तुम्ही चिडून बोलताय." त्याने पेपरचा दुसरा कोपरा फाडला. "शहरात जा, पेपरच्या ऑफिसात अर्ज द्या. माझी ना नाही."

दुसऱ्या दिवशी धारा उरकून, दूध खड्ड्यात ओतून ती पहिल्या गाडीने शहरात गेली. नवराही बरोबर आला, पण ऑफिसच्या जिन्याशीच थांबला. "तूच जा. मला तिथे बोलता येणार नाही," म्हणाला. तिला त्याचा राग आला आणि दयाही आली. धुतलेला सदरा घालून, टोपी हातात घेऊन तो भिंतीला टेकून उभा राहिला.

वर लांबलचक खोली होती. पंखे घरघरत होते, टेबलांवर जुन्या पेपरांचे ढीग आणि त्यांवर चहाच्या पेल्यांचे गोल डाग. इतका कागद तिने आयुष्यात एकत्र बघितला नव्हता. तीन ठिकाणी 'पलीकडे विचारा' ऐकून झाल्यावर तिला एका कोपऱ्यातल्या साहेबाकडे पाठवलं. तो डबा खात होता. खाऊन झाल्यावर त्याने बोटं आणि तोंड पेपरच्या पानाला पुसलं, त्या पानावर कुणाचातरी फोटो होता, त्याच्या गालाला आमटी लागली. पानाचा बोळा त्याने टेबलाखाली टाकला.

"बोला, बाई."

तिने सांगितलं. ओळ, रकाना, चौदा, बासष्ट. यादीची नक्कल तिने वहीच्या पानावर करून आणली होती, तीही पुढे केली. साहेबाने ती बघितली. हुशार माणूस होता, एका नजरेत त्याच्या लक्षात आलं.

"चूक दिसतेय," तो म्हणाला.

"मग चौदा नाही एवढं छापा. बाकी मला काही नको."

"तसं नसतं." त्याने दातांतून हवा ओढली. "आमच्याकडे दुरुस्तीची एक पद्धत आहे. अमुकऐवजी तमुक असे वाचावे. नुसतं अमुक नाही, असं छापून कसं चालेल? वाचणारा विचारेल, मग कोण? बातमी अधांतरी राहते. चौदाऐवजी काय, तो आकडा लागतो."

"बासष्ट. तिथे लिहिलंय की."

"हे तुम्ही लिहिलंय. तुम्ही तक्रारदार. तुमच्या सांगण्यावरून दुसऱ्याचा आकडा छापला आणि उद्या तो इथे येऊन बसला तर? आकडा आमच्या माणसाकडून यायला पाहिजे. तो पाठवेल, आम्ही छापू."

"चूक करताना तुम्ही त्याला विचारलं होतं का, खरं आहे का म्हणून?" ती म्हणाली.

साहेबाने तिच्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. मग नाकाला रुमाल लावला. तिच्या लक्षात आलं, वास. केसांतला, पदरातला, खड्ड्याचा. इतके दिवस तो वास ती अंगावर वागवत होती, पण दुसऱ्याच्या तोंडावर तो आज दिसला. ती शरमेने लाल झाली आणि लगेच त्या शरमेचाही तिला संताप आला, कारण वास कुणी लावला होता? याच खोलीने.

"आम्ही त्याला कळवतो," साहेब रुमालातून म्हणाला. "चार दिवसांत होईल काम."

चार दिवसांचे आठ झाले. नवरा रोज सकाळी वार्ताहराच्या दुकानाबाहेर उभा राहून पेपर चाळायचा, मग मान हलवत यायचा. दरम्यान जनावरांचा दलाल दोनदा येऊन गेला. असल्या लोकांना वास बरोबर लागतो. त्याने तांबडीचं तोंड उघडून दात बघितले, कासेला हात घातला, शेपटीखाली बघितलं, आणि घरच्या बाईला विचारावं तसं त्या गाईलाच विचारलं, "दूध जात नाही म्हणे तुमचं?" तांबडी तिच्या माहेराहून आलेली, तिघींतली सगळ्यांत दुधाळ. चारा संपत आला होता. तीन गाईंना पुरवणं यापुढे शक्य नाही, एक काढावीच लागेल आणि गिऱ्हाईक तांबडीलाच आहे, हे घरात कुणी बोललं नाही पण सगळ्यांना ठाऊक होतं. दलाल जाताना म्हणाला, "परवा येतो दोरी घेऊन."

दुसऱ्या दिवशी नवरा पळत आला. त्याला पळताना तिने लग्नानंतर पहिल्यांदाच बघितलं.

"आलं! छापून आलं!"

सासू उंबऱ्याशी आली. त्याने पेपर जमिनीवर पसरला. पहिल्या पानावर नव्हतं, दुसऱ्यावर नव्हतं. सहाव्या पानाच्या तळाशी, केस गळण्यावरच्या औषधाच्या जाहिरातीखाली, चार ओळी. तो अडखळत वाचायला लागला. "दुरुस्ती. 'दुधात पावडर' या बातमीत कॅन क्रमांक चौदाऐवजी एकतीस असे वाचावे. संपादक."

सासूने टाळी वाजवायला हात वर केले होते, ते तसेच राहिले.

"एकतीस?" ती म्हणाली.

नवऱ्याने परत वाचलं. एकतीसच होतं.

"पण काकांची गाय तर तीन महिने आटलेली आहे," तो म्हणाला. "नमुने गेल्या महिन्यात नेले. त्यांचा कॅन माळ्यावर पालथा पडलाय."

बंद नंबर. तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ऑफिसला एक आकडा हवा होता आणि वार्ताहराने चेअरमनला विचारून असा आकडा शोधला होता की ज्याच्यामागे कुणी रांगेत उभं राहत नाही. म्हातारा, एकटा, अर्धा आंधळा. त्याला कुठे वाचता येतंय? मोठ्या अक्षरात केलेली चूक बारीक अक्षरात पुसली आणि पुसता पुसता दुसरी केली, पहिलीपेक्षा नीच. पहिली निदान गडबडीत झाली होती. आणि हा आकडा आपणच मागून आणला, जिना चढून, हात जोडून.

"आपण नाही सांगितलं एकतीस," सासू हळू आवाजात म्हणाली. "तू बासष्टच सांगितलं होतंस ना?"

"बासष्टच."

"मग आपण काय पाप केलं?" सासूने विचारलं. नेहमीचा खट्याळपणा तिच्या तोंडावर कुठे नव्हता. "उद्या तो दलाल दोरी घेऊन येणार आहे. ऊन चढायच्या आत जा डेअरीत."

ती गेली. पेपर घडी करून कमरेला खोचला होता. रांगेत सगळ्यांना आधीच माहीत होतं, लोक बाजूला होऊन तिला वाट देत होते, त्यांतली एक म्हणाली, "मला तर तेव्हाच वाटलं होतं, तू असलं करणार नाहीस." अर्धं दार उघडणारी तीच. बासष्टचा पुढे होता. त्याने मागे वळून, "काय काकू, बरं आहे ना?" असं विचारलं आणि आपले दोन्ही कॅन टाकीत उपडे केले.

सचिवाने पेपर बघितला. भिंतीवरचं कात्रण नखाने खरवडून काढलं, ते तुकड्यातुकड्यांनी निघालं. नवीन चार ओळी काही त्याने डकवल्या नाहीत, त्या इतक्या लहान होत्या की भिंतीवर कुणाला दिसल्याही नसत्या. त्याने फक्त रजिस्टर उघडलं आणि एकतीसच्या पुढे लिहिलं, घेऊ नये.

"त्यांनी तीन महिने दूधच घातलेलं नाही," ती म्हणाली. "तुमच्या याच रजिस्टरात आहे. मागचं पान उलटा."

"माहीत आहे, वहिनी."

"मग?"

"मग कुणाचं काही बिघडत नाही ना. तुमचं काम झालं, त्यांचं दूध नाहीच. चेअरमनने सगळ्यांचा विचार केलाय."

"त्यांची गाय या आठवड्यात व्यायचीय."

सचिवाचं पेन थांबलं. त्याला हे ठाऊक नव्हतं. चेअरमनलाही नसणार, वार्ताहरालाही नसणार. पण त्याने टोपण लावलं. "तेव्हाचं तेव्हा बघू. तुम्ही ओतताय का? मागे रांग आहे."

ती कॅनच्या कडीवर हात ठेवून उभी राहिली. मोठ्याने ओरडून सांगावं, बासष्ट, बासष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल असं, आणि भरला कॅन परत घेऊन जावं. तिला ते वाक्य जिभेवर जाणवत होतं. मग उद्याची सकाळ डोळ्यांपुढे आली, तांबडीच्या गळ्यात परक्याची दोरी. रांगेतून कुणीतरी म्हणालं, "आता काय झालं हिला?" तिने कॅन उचलला आणि ओतला. दूध टाकीत गेलं. बासष्टचं कुठलं आणि चौदाचं कुठलं, काही कळत नव्हतं. सचिवाने आकडा मांडला.

परत येताना सायकल हलकी होती आणि कॅन वाजत होता. म्हातारा त्याच्या गाईपाशी जमिनीवर बसला होता, तिच्या पोटावर तळहात ठेवून. चाकाचा आवाज ऐकून त्याने मान वर केली.

"पोरी, घेतलं का?"

"घेतलं, काका."

"रिकामा वाजतोय, तेव्हाच म्हटलं मी!" त्याचं बोळकं तोंड पसरलं. "छापून आलं म्हणे. तुझा नवरा पळत गेला ते मला ऐकू आलं. पेपर आहे का जवळ? वाच बघू. एवढे दिवस रस्त्यात उभा राहून प्यायलो, मलाही ऐकू दे काय म्हणतात ते."

तिने कमरेचा पेपर काढला. घामाने तो मऊ झाला होता. उलगडला. ओळी चारच होत्या, चुकायची सोय नव्हती.

"'दुरुस्ती,'" तिने वाचलं. "'दुधात पावडर या बातमीत कॅन क्रमांक चौदा...'"

ती थांबली. म्हातारा ऐकत होता, तोंड किंचित उघडं, पांढरे डोळे तिच्या खांद्याच्या पलीकडे कुठेतरी लागलेले.

"'...असे चुकून छापले गेले,'" ती म्हणाली. "'त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत.'"

"दिलगीर? असं लिहिलंय?"

"हो."

"मोठ्या मनाचे आहेत म्हणायचे. आणि खरा कोण, ते?"

तिने पेपरची घडी घातली.

"तेवढं नाही छापलं."

"नाहीच छापणार," म्हातारा हसला. "तो कुणीतरी बडा असणार. जाऊ दे. तुझं झालं ना, मग बस. मला फार बरं वाटलं बघ." त्याने चाचपत तिचा हात शोधला आणि दोन्ही हातांत धरला. तिच्या सुजलेल्या अंगठ्यावर त्याची बोटं फिरली. "पोरी, एक काम सांगू का? ही आता दोन-चार दिवसांत मोकळी होईल. मला काही डेअरीपर्यंत चालवत नाही, डोळ्यांचं हे असं. तुझ्या सायकलला एका बाजूने जागा असते. माझा कॅन नेशील का तुझ्याबरोबर? तुला आता कोण अडवणार?"

रस्त्यावरून डेअरीतून परतणारे लोक चालले होते. दोघं-तिघं तिच्याकडे बघून, मग म्हाताऱ्याकडे बघून, पाय उचलून पुढे गेले.

"नेईन," ती म्हणाली. स्वतःच्या आवाजाची तिला किळस आली.

म्हाताऱ्याने तिचा हात सोडला आणि गाईच्या पाठीवर थोपटलं. "ऐकलंस का गं," तो गाईला म्हणाला, "सोय झाली आपली."